पिकअपचं ॲव्हरेज वाढवायचंय? लांबच्या रूटवर डिझेल नेमकं कुठं जळतं, ते आधी समजून घ्या

रात्री अकराच्या सुमारास मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकच्या आसपासच्या एखाद्या ढाब्यावर थांबलात, तर पिकअपची रांग दिसतेच. कुणाच्या हौद्यात टोमॅटोचे कॅरेट, कुणाच्या हौद्यात कोबी, कुणाकडे कोथिंबिरीच्या जुड्या. बहुतेकांना पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचं असतं. आणि चहाचा ग्लास हातात आला की दोन ड्रायव्हरांमधला प्रश्न ठरलेला: "तुझी ॲव्हरेज किती देते?"

एक सांगतो नऊ, दुसरा सांगतो बारा. गाडी एकाच कंपनीची, इंजिन तेच, माल साधारण तेवढाच आणि रस्ता तर एकच. मग लिटरमागे तीन किलोमीटरचा फरक येतो कुठून?

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण जरा हिशोब करून बघा. पिंपळगाव बसवंतच्या भागातून वाशीला जाऊन परत येणं म्हणजे साधारण ४०० किलोमीटर. नऊचं ॲव्हरेज असेल तर ४४ लिटर डिझेल लागतं, बाराचं असेल तर ३३ लिटर. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर एका फेरीमागे हजार रुपयांचा फरक. महिन्याला १५ फेऱ्या झाल्या तर १५ हजार. ज्याची स्वतःची गाडी आहे आणि डोक्यावर हप्ता आहे, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे घरी पैसे नेणं किंवा न नेणं.

या तीन किलोमीटरसाठी लोक काय काय करतात! कुणी टाकीत ॲडिटिव्ह ओततं, कुणी पाइपला चुंबक बांधतं, कुणी घाटात गाडी न्यूट्रल करतं. प्रत्यक्षात डिझेल कुठं जातं याचं उत्तर बरंच साधं आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली असतो.

पिकअप म्हणजे चाकांवरची भिंत

सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना दबतो, त्यात जाणारी ताकद. ही गाडीच्या वजनावर ठरते, वेगाने तिच्यात फारसा फरक पडत नाही. दुसरी म्हणजे समोरची हवा. तिचा नियम मात्र वेगळा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो.

कार निदान थोडी निमुळती असते. पिकअपचं तोंड उभं, केबिनच्या मागे उघडा हौदा, त्यावर लोखंडी पिंजरा, वर बांधलेली ताडपत्री. हवेच्या दृष्टीने ही एक चालती भिंतच. त्यामुळे वेग वाढला की तिला कारपेक्षा जास्त किंमत मोजावी लागते.

ढोबळ आकडे बघा. मालासकट तीन टन वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर टायरचा अडथळा आणि हवेचा अडथळा जवळपास सारखे असतात, प्रत्येकी सुमारे ३०० न्यूटन. वेग ८० केला की टायरचे ३०० तसेच राहतात, पण हवेचे ३०० चे थेट ५३० च्या वर जातात. म्हणजे एकूण ओढ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढली, आणि वेग वाढला फक्त ३३ टक्के.

पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, ही सरकारी संस्था कारचालकांना अनेक वर्षांपासून हेच सांगत आलीये: ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगाने गाडी चालवली तर ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळू शकतं. पंपावरच्या पाट्यांवर हे वाचून लोक हसतात, कारण महामार्गावर ५० ने जायला वेळ कुणाकडे आहे?

प्रश्न बरोबर आहे. म्हणून ५० सोडून द्या आणि ७० चा विचार करा.

नाशिक-वाशीच्या दोनशे किलोमीटरमधला समजा १२० किलोमीटरचा पट्टा असा आहे, जिथे वेग ड्रायव्हरच्या मर्जीवर असतो. बाकी गाव, घाट, ट्रॅफिक. हा १२० चा पट्टा ८० ने कापला तर दीड तास लागतो. ७० ने कापला तर १३ मिनिटं जास्त लागतात आणि डिझेल साधारण सव्वा लिटर वाचतं. ६० ने कापला तर ८० च्या तुलनेत अर्धा तास जास्त, आणि बचत सुमारे सव्वादोन लिटर. नीट बघा, पहिले दहा किलोमीटर कमी करताना १३ मिनिटांत जेवढं वाचलं, पुढचे दहा कमी करताना त्याहून थोडं कमीच वाचलं आणि वेळ मात्र १७ मिनिटं गेला. म्हणजे सगळ्यात फायद्याचा सौदा आहे तो ८० वरून ७० वर येण्याचा. त्यापुढे किती कमी करायचं ते हातातल्या वेळेवर.

मालवाहू गाड्यांसाठी चौपदरी महामार्गावर आणि एक्स्प्रेसवेवरही कमाल वेग ताशी ८० ठरवलेला आहे. मालवाहू गाड्यांना ८० वर वेग रोखणारा स्पीड गव्हर्नरही बंधनकारक आहे. काही जण तो काढून टाकतात आणि मग ९०-९५ ने पळतात. ९० ला हवेचा अडथळा ६० च्या सव्वादोन पट होतो. गव्हर्नर काढणारा पकडला गेला नाही, तरी पंपावर त्याचा दंड भरतोच.

आता खरी अडचण. मार्केटला माल उशिरा पोहोचला तर भाव पडतो. ६० कॅरेट टोमॅटोवर कॅरेटमागे २० रुपये जरी कमी मिळाले तरी बाराशे रुपये गेले, तिथे दोन लिटर डिझेल वाचवून उपयोग काय? काहीच नाही. उशीर झाला असेल तर ॲव्हरेजचा विचार बाजूलाच ठेवावा लागतो. पण हा उशीर बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही, तो शेताच्या बांधावर किंवा गाडी भरताना होतो. माल भरायला अर्धा तास उशीर झाला की तो अर्धा तास ड्रायव्हर रस्त्यावर वसूल करायला जातो, स्वतःच्या डिझेलने. भाडं ठरवतानाच गाडी सुटायची वेळ पक्की करणारे जुने ड्रायव्हर असतात, ते उगाच नाही.

घाटाला उगाच बदनाम केलंय

"घाट आहे ना, ॲव्हरेज मिळणारच नाही," हे वाक्य कसाऱ्याला नेहमी ऐकू येतं. हेही हिशोबाने तपासता येतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचावर आहे आणि वाशी खाडीकाठी. म्हणजे माल उतारावर जातो आणि गाडी रिकामी वर येते. पावणेदोन टनांची रिकामी पिकअप ६०० मीटर वर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा जास्तीचं किती डिझेल लागावं? एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यातली चाकांपर्यंत जेमतेम एक तृतीयांश पोहोचते. हे सगळं धरूनही उत्तर येतं एक लिटरपेक्षा कमी. म्हणजे अख्खी चढण जेवढं डिझेल खाते, त्याच्या दुपटीहून जास्त डिझेल एका बाजूच्या सपाट पट्ट्यावर ६० ऐवजी ८० ने पळताना जातं.

चढणीवर डिझेल वाया जातं ते चुकीच्या गिअरमुळे. इंजिन कण्हायला लागलं तरी वरच्या गिअरमध्ये रेटत राहायचं, मग एकदम दोन गिअर खाली टाकून भरपूर रेस द्यायची, काळा धूर सोडायचा. डिझेल इंजिनाची खरी ओढ साधारण १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान असते. या पट्ट्यात राहील असा गिअर चढ सुरू होण्याआधीच टाकला, की पाय न दाबताही गाडी चढते. मागून काळा धूर दिसला तर समजायचं, की डिझेल अर्धवट जळून बाहेर चाललंय.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तिथल्या सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसारा घाटाची वळणं टाळता येतात. घाटातले ब्रेक आणि गिअरची खटपट वाचते, पण टोल लागतो, आणि सरळ मोकळा रस्ता मिळाला की पाय आपोआप दाबला जातो. बोगद्यात वाचलेलं डिझेल पुढच्या वीस मिनिटांत हवेत घालवणारे कमी नाहीत.

न्यूट्रल: सगळ्यात महाग पडणारी 'बचत'

उतार आला की गिअर न्यूट्रल करायचा आणि गाडी सोडून द्यायची. काही जण तर इंजिनच बंद करतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही सवय आहे आणि तिच्यामागे समज असा, की इंजिन मोकळं फिरलं तर डिझेल कमी जातं.

होतं नेमकं उलटं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की आजच्या कॉमन रेल इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टरला डिझेल देणंच थांबवतो. त्या वेळी इंजिनाला चाकं फिरवत असतात, डिझेल शून्य जातं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांमध्येही गव्हर्नर हेच काम करायचा. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावं लागतं, म्हणजे आयडलिंगचं डिझेल चालूच. घाटाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गेलेली गाडी गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त डिझेल पिते.

हे झालं पैशाचं. आता जिवाचं. तीन टनांची गाडी इगतपुरीहून कसाऱ्याला सुमारे ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात २५ लिटर गार पाण्याला उकळी येईल. यातली काही हवा आणि टायर खातात. बाकीची कुठंतरी जिरवावी लागते. गाडी सेकंड-थर्ड गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन जिरवतं. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, वास येतो, पॅडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. ड्रायव्हर म्हणतात "ब्रेक लागेना," तो हाच प्रकार.

इंजिन बंद केलं असेल तर त्याहून वाईट. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पॅडल दाबल्यावर संपतो, आणि पॉवर स्टिअरिंग तर लगेच जड होतं. वळणावर तीन टन वजन आणि हातात दगडासारखं स्टिअरिंग. घाटांच्या तोंडाशी 'गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नका' असं लिहिलेलं असतं, त्यामागे बरेच अपघात आहेत.

जुना नियम आजही लागू आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेलही वाचतं आणि लायनरही.

प्रत्येक ब्रेक म्हणजे तीन रुपये

भरलेल्या पिकअपला ६० च्या वेगावरून पूर्ण थांबवलं आणि पुन्हा ६० वर नेलं, तर तेवढ्या कामाला अंदाजे ३५ मिलिलिटर डिझेल लागतं, म्हणजे तीन रुपये. ८० वरून थांबून पुन्हा ८० वर गेलात तर ६० मिलिलिटर, साडेपाच रुपये. एकदा थांबलं म्हणून काही होत नाही. पण शहापूर, पडघा, भिवंडी बायपास, ठाणे, असं करत वाशीपर्यंत चाळीस वेळा ब्रेक मारला तर दीड-दोन लिटर नुसते लायनर तापवण्यात गेले.

म्हणून बाराचं ॲव्हरेज काढणाऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्याची नजर समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर नसते, त्याच्याही पुढच्या चार गाड्यांवर असते. लांबवर ब्रेकलाइट दिसल्या की त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो, गाडी गिअरमध्येच सरकत राहते, आणि ती तिथे पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा रस्ता मोकळा झालेला असतो. नऊवाला शेवटपर्यंत रेस देत जातो, मग करकचून दाबतो. दोघंही टोलनाक्यावर एकाच वेळी पोहोचतात, हे गमतीचं.

मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून चालवायचं, म्हणजे हवा तो कापतो आणि आपलं डिझेल वाचतं, अशीही एक युक्ती सांगितली जाते. तत्त्व खरं आहे. पण चांगला फायदा मिळेल इतकं जवळ गेलं, तर ट्रकने ब्रेक मारल्यावर थांबायला जागाच उरत नाही. भरलेल्या पिकअपने हा खेळ खेळू नये.

आयडलिंगचं एका ओळीत: अडीच लिटरचं डिझेल इंजिन जागेवर चालू ठेवलं तर तासाला साधारण पाऊण लिटर जातं. मार्केटच्या गेटबाहेर रांगेत तासभर गाडी घरघरत ठेवणं म्हणजे एक प्लेट मिसळ दररोज सोडून देणं. लांबून जोरात पळवून आणलेली टर्बोची गाडी मात्र लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मग चावी फिरवा.

हौदा, फाळका आणि रिकामे कॅरेट

अमेरिकेत पिकअपवाल्यांमध्ये जुना वाद आहे: मागचं दार, म्हणजे आपला फाळका, खाली पाडून चालवलं तर हवा आरपार जाते आणि ॲव्हरेज वाढतं का? 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमाने हे रस्त्यावर तपासलं, आणि फाळका बंद असलेली गाडीच जास्त लांब गेली. कारण बंद हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्या भोवऱ्यावरून घसरत मागे जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. आपल्याकडे फाळका पाडून चालवणं धोक्याचंही आहे, तेव्हा हा विषय इथेच संपतो.

आपल्याकडचा खरा विषय आहे ताडपत्री आणि कॅरेट. सैल बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फुगते, फडफडते, आणि गाडीमागे छत्री उघडल्यासारखी ओढ देते. पुढच्या कडेला, केबिनच्या मागे, ती घट्ट बसली पाहिजे. हवा आत शिरायला तिथूनच सुरुवात होते.

परतीला तर अनेक जण हमखास चूक करतात. रिकामे कॅरेट वजनाला काहीच नाहीत, म्हणून केबिनच्या वर तीन-चार थर चढवून दोरीने आवळले जातात. वजन नसलं तरी ती उंच जाळीदार भिंत हवा अडवतेच, आणि वर सांगितल्याप्रमाणे महामार्गावर निम्म्याहून जास्त डिझेल हवेसाठी जळतं. म्हणून "गाडी रिकामी होती तरी ॲव्हरेज आलं नाही" अशी तक्रार येते. कॅरेट शक्यतो केबिनच्या उंचीपर्यंतच ठेवावेत, रुंदीला पसरावेत आणि वरून ताडपत्री ओढून घ्यावी. केबिनवरचं कॅरियर वापरात नसेल तर ते काढून ठेवलेलं बरं.

आणि रिकामं येण्यापेक्षा काहीतरी घेऊन येणं कधीही चांगलं. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षलं जातं, कारण ॲव्हरेजच्या काट्यावर ते दिसत नाही. परतीला पाचशे किलो किराणा किंवा प्लॅस्टिकचा माल मिळाला तर ॲव्हरेज थोडं कमीच येईल, पण तेच डिझेल दोन भाड्यांमध्ये वाटलं जाईल. धंद्याच्या दृष्टीने 'लिटरला किती किलोमीटर' यापेक्षा 'टनामागे किती डिझेल' हा हिशोब जास्त खरा.

याच हिशोबाने काही जण ओव्हरलोडकडे वळतात. दीडपट माल भरला तर टनामागे डिझेल कमी लागतं, हे नाकारता येत नाही. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. शिवाय पाटे, टायर, क्लच आणि घाटातला ब्रेक. डिझेलमध्ये मिळवलेलं सगळं एका काट्यावर जातं.

टायरची हवा गार असताना बघा

टायरमध्ये हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, जास्त तापतो आणि जास्त ओढ देतो. हवा २५ टक्के कमी असेल तर ५ ते १० टक्के इंधन जास्त जातं, असं पीसीआरएच्या सूचनांमध्ये सांगितलंय. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि पुढच्या-मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. मागच्याला भरलेल्या गाडीचा आकडा जास्त असतो, तोच वाशीला जाताना हवा. पन्नास किलोमीटर पळून आल्यावर हवा तपासली तर आकडा वाढलेला दिसतो, कारण आतली हवा तापलेली असते. तो बघून हवा काढून टाकणं ही नेहमीची चूक. हवा निघण्याआधीच, गाडी गार असताना बघायची.

समृद्धीवर सुरुवातीच्या काळात टायर फुटून अपघात झाले, तेव्हा आरटीओने तिथे टायरची तपासणी सुरू केली. सिमेंटचा लांब सरळ रस्ता, सततचा वेग आणि कमी हवेचा झिजलेला टायर, हे मिश्रण वाईट. तेव्हा हवेचा विषय ॲव्हरेजपुरता नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

ॲव्हरेज एकदम पडलं असेल, चालवणारा तोच आणि रूट तोच असेल, तर दोष गाडीत आहे. पहिला संशय ब्रेकवर घ्या. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ, डिस्क किंवा ड्रमला न टेकता, हात धरून बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल, तर तिथला ब्रेक चिकटतोय. म्हणजे ब्रेक दाबूनच गाडी चालवण्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट, टर्बो आणि इंटरकूलरमधले रबरी होज पाइप. एखादा तडकला की हवा बाहेर पडते, गाडी ओढत नाही, सिटीसारखा आवाज येतो आणि काळा धूर निघतो. मग ड्रायव्हर पाय आणखी दाबतो. होज पाइप इंजेक्टरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो, त्यामुळे नॉझल खोलायच्या आधी तो बघून घ्यायला सांगा. एअर फिल्टरचंही तेच. कांद्याच्या हंगामात शेतरस्त्यांच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅट, आणि ही खास आपल्याकडची. गाडी गरम होतेय अशी तक्रार घेऊन गेलं, की अनेक मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून देतात. गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण आता इंजिन नीट तापतच नाही. डिझेल इंजिन ठरलेल्या तापमानाखाली चाललं की जास्त डिझेल पितं, ऑइल लवकर खराब होतं. थंडीच्या रात्री महामार्गावर तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर व्हॉल्व्ह आहे का, हे विचारा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांमध्ये धुराची यंत्रणा जास्त गुंतागुंतीची आहे. डीपीएफ असेल तर तो अधूनमधून साचलेली काजळी जाळतो, त्या वेळी डिझेल थोडं जास्त जातं. ते चालू असताना दरवेळी गाडी बंद केली, तर प्रक्रिया अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. लांबचा रूट या गाड्यांना उलट मानवतो. "डीपीएफ काढून टाका, ईजीआर बंद करा, ॲव्हरेज वाढेल" असा सल्ला देणारे भेटतील. असे बदल कायद्यात बसत नाहीत, वॉरंटी जाते, आणि सेन्सरला फसवून चालवलेलं इंजिन पुढे कुठल्या खर्चात उतरवेल याची हमी तो सल्ला देणारा घेत नाही.

व्हॉट्सॲपवरचे उपाय

"डिझेल पहाटे टाका, गार असतं म्हणून जास्त मिळतं." डिझेल एक अंशाला साधारण ०.०८ टक्के प्रसरण पावतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. अगदी पाच अंशांचा फरक धरला तरी ४० लिटरमागे १६० मिलिलिटर होतात, आणि प्रत्यक्षात तेवढाही फरक पडत नाही. त्यासाठी झोपमोड करू नका.

डिझेलच्या पाइपला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, 'इंधन बचत' करणारी डबी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. त्यातल्या मोजक्यांनी किंचित फायदा दाखवला, बाकीच्यांनी काहीच नाही. तरीही लोक "लावल्यापासून फरक पडला" म्हणतात, आणि ते खोटंही बोलत नसतात. पैसे घालून काही लावलं की माणूस महिनाभर जपून चालवतो. फरक त्या जपण्याचा असतो.

'बायोडिझेल'च्या नावाखाली रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारं इंधन तर टाकीत घालूच नका. कॉमन रेलचे इंजेक्टर फार नाजूक असतात, आणि चारही बदलायचे झाले तर वर्षभराची बचत एका बिलात जाते.

आणि मोजायचं कसं?

डॅशबोर्डवरचा आकडा असो की "शंभरचं टाकलं, इतकं गेलं" हा अंदाज, दोन्हींवर विसंबू नका. एकाच पंपावर टाकी फुल्ल करा, पहिल्यांदा नोझल 'कट' झाला की थांबा, वर चेपून भरू नका. किलोमीटर लिहून ठेवा. फेरी करून परत त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, पहिल्या कटपर्यंत भरा. गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असं सलग तीन-चार फेऱ्यांचं काढा, कारण एका फेरीत वारा, पाऊस आणि भिवंडीचं ट्रॅफिक आकडा सहज हलवतात. टायरचा साइज बदलला असेल तर मीटरही थोडा खोटं बोलतो. तेव्हा एकदा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. या आठवड्यात फक्त वेग ८० वरून ७० करा, बाकी काही नको. पुढच्या आठवड्यात हवा आणि ताडपत्री. मग कुठल्या गोष्टीने किती वाचलं ते वहीत दिसेल.

आणि सगळं करूनही आकडा जुळत नसेल, तर शंका पंपावर घ्यायलाही हरकत नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात डिझेल मोजून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.